जोत्यावर या, साहेब

अक्षय तृतीयेला पाया खणायचा आणि मृगाचा पाऊस लागण्याआधी जोते वर काढायचे, असा आपल्याकडे घर बांधणाऱ्याचा हिशेब असतो. पायाच्या खड्ड्यात पाणी भरले की काम दिवाळीपर्यंत गेले म्हणून समजा. महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात हा हिशेब कोणाला ठाऊक नाही असे नाही. तरीही माझ्या धाकट्या बहिणीची फाइल पौषात आत गेली आणि बाहेर आली तेव्हा आमच्याकडे भाताच्या लावण्या उरकल्या होत्या.

प्लॉट तिच्या सासरचा, चार गुंठ्यांचा. जुने कौलारू घर उतरवून तिथे एकमजली घर बांधायचे, एवढेच काम. पहिली त्रुटी निघाली ती सात-बारावरचे क्षेत्र आणि मोजणी नकाशातले क्षेत्र जुळत नाही ही. रास्त होती. भूमी अभिलेख कार्यालयात खेटे घालून पूर्तता केली. मग जुन्या घराची घरपट्टी थकली नसल्याचा दाखला हवा झाला. तो दिला, तेव्हा नकाशात दुचाकींना जागा कमी पडते हे कोणाच्या तरी लक्षात आले. ती वाढवून दाखवली, तर सेप्टिक टँक शेजारच्या विहिरीपासून किती लांब आहे ते नकाशावर लिहून आणा, असे सांगितले गेले. यातली एकही हरकत खोटी नव्हती. पण सगळ्या हरकती पहिल्याच दिवशी त्याच कागदांवर दिसत होत्या. एका पत्रात मावल्या असत्या.

त्या एकेक करून काढणे कसे चालून जाते, हे कायदा उघडला की कळते. 1966च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 45 मध्ये 60 दिवसांची मुदत आहे. तेवढ्या दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. मात्र हे दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा मागवलेल्या माहितीचे उत्तर दिल्याच्या तारखेपासून, यातली जी तारीख नंतरची असेल तिथून धरायचे. म्हणजे नवी त्रुटी निघाली की मोजणी पुन्हा एकपासून. नागरिकाला आधार म्हणून घातलेली मुदत अशी पत्रागणिक पुढे सरकत राहते. शिवाय अशा मानीव परवानगीवर बांधायला काढले तरी बांधकाम नियमांत बसावेच लागते, आणि ते बसते की नाही याची जोखीम मालकाच्या डोक्यावर. त्या जोखमीवर गृहकर्ज मिळाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. बँकेला शिक्क्याचा नकाशा लागतो.

छोट्या घरांना 2020च्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने दिलासा दिला आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर ठरावीक अटींत नकाशा सादर केला आणि शुल्क भरले की ती पावतीच परवान्याच्या जागी चालते. चांगली सुधारणा आहे. चार गुंठेवाल्याला तिचा उपयोग नाही.

परवाना हवाच, हे मात्र मी ठामपणे म्हणतो. घराभोवती मोकळी जागा सोडा हा नियम कोणा बाबूच्या लहरीतून आलेला नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हा अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे सरकारचे लक्ष गेले आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने पुढे आपल्या योजनांत 63.5 अंशांचा नियम लावला. समोरच्या भिंतीच्या माथ्याकडे जाणारी नजरेची रेघ याहून चढी नसावी, म्हणजेच भिंत जेवढी उंच तिच्या निम्मे तरी अंतर मोकळे हवे. खालच्या खोलीतही उजेड पोचावा, हा त्यामागचा साधा हेतू. आजच्या नकाशावरचे सामासिक अंतर त्याच विचाराचे आहे.

आणि हे अंतर प्रत्यक्षात सुटले की नाही, हे कळण्याची एकच योग्य वेळ असते: जोते तपासणीची.

बहिणीने जोते झाल्याची सूचना दिली, तेव्हा विभागातून एक कनिष्ठ अभियंता आली. पंचविशीतली मुलगी, स्कूटीवर, पाठीवर सॅक. आमच्या गवंड्याने कंपाउंडच्या भिंतीला टेप लावून धरला. तिने तो सोडायला सांगितला. "भिंत कुठे का असेना, मोजणीचा दगड दाखवा." दगड वाळूच्या ढिगाखाली गेला होता. मजुराने ढीग ओढला, दगड उघडा पडला, दोन दगडांमध्ये तिने दोरी ताणायला लावली आणि दोरीपासून जोत्याच्या कडेपर्यंत टेप धरला. उत्तरेकडचे अंतर मंजूर नकाशापेक्षा 22 सेंटिमीटर कमी भरले. गवंड्याने लाइनआउट शेजारच्या जुन्या भिंतीवरून घेतली होती, आणि ती भिंतच वाकडी निघाली. माझ्या मेहुण्यांचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "काका, आत्ता जोतं आहे तोवर कापता येईल. दोन स्लॅब पडल्यावर मी आले असते, तर तुम्ही भांडला असतात आणि मला नोटीस काढावी लागली असती."

जोते कापले, ती बाजू नव्याने बांधली. खर्च झाला. पण त्या बाजूला शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे, तिच्यासमोरची जागा शाबूत राहिली. विभागाने आमच्यासाठी आणि आजींसाठी जे केले ते त्या सकाळी, त्या टेपने. फाइलीवर गेलेल्या सगळ्या महिन्यांत एवढे मोलाचे काही घडले नव्हते.

अशी माणसे विभागात आहेत, पण त्यांच्या वाट्याला तीन-तीन प्रभाग, अतिक्रमणाच्या तक्रारी, कोर्टाच्या तारखा आणि निवडणुकीची कामे येतात. नव्या नियमावलीत जोत्याची सूचना आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रासह द्यायची असते. प्रामाणिक आर्किटेक्टच्या हाती ती सोय ठीक आहे. पण पालिकेच्या माणसाने जागेवर उभे राहण्याला ते प्रमाणपत्र पर्याय नाही.

4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्यात बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसे गेली. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींसाठी महापालिकेचे बनावट बांधकाम परवाने दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या, तोवर लोक राहायला येऊन कर्जाचे हप्ते भरत होते. यातल्या प्रत्येक इमारतीचे कधीतरी नुसते जोतेच होते. त्या दिवशी कोणी अभियंता परवान्याचा क्रमांक हातात घेऊन तिथे गेला असता, तर बनावट कागद तिथेच उघडा पडला असता आणि एकाही कुटुंबाचे पैसे अडकले नसते. परवान्याची वाट पाहून कंटाळलेला माणूस अखेर विनापरवाना बांधतो, हेही मी शेजारच्या वाड्यांत पाहतो आहे. मग नियम पाळणारा ताटकळतो आणि न पाळणाऱ्याकडे कोणी फिरकत नाही. मला याचा संताप येतो.

माझे मागणे असे. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवा. नंतर सुचलेल्या हरकतीसाठी, कागद बदललेला नसेल तर, 60 दिवसांची मोजणी पुन्हा सुरू करू नका. यातून वाचलेली माणसे आणि वेळ घेऊन प्रत्येक जोत्यावर या, मग तो बंगला असो की टॉवर. बाजूंची मापे, तारीख आणि मोजणाऱ्याचे नाव जागेवरच्या फलकावर, परवाना क्रमांकाखाली लिहा आणि पालिकेच्या संकेतस्थळावर टाका. फ्लॅट घेणाऱ्याने बुकिंगचा चेक देण्याआधी ती नोंद बघावी. आज ती फाइलीत असते, आणि त्रयस्थाला ती पाहायची तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो.