टूलबारची मांडणी कोणीं करावी?

स्वयंपाकघरांतील फडताळांत मीठ कोठें, चहाचा डबा कोठें, आगपेटी कोठें, हें त्या घरच्या गृहिणीस अंधारांतहि सांपडतें. एखाद्या पाहुण्या बाईनें मोठ्या हौसेनें तेंच फडताळ आवरून ठेविलें, तर दुसऱ्या दिवशीं सकाळच्या चहास हमखास उशीर होतो. आणि पाहुणीचे आभार मानावे कीं तिजवर रागवावें, हें घरधनिणीस कळेनासें होतें. मोबाइलच्या ॲपमधील टूलबार हें असेंच एक लहानसें फडताळ आहे. त्याची मांडणी करण्याचा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नाचा थोडा विचार आम्ही येथें करूं इच्छितों. विषय वरवर क्षुल्लक दिसेल. परंतु तो तसा नाहीं, हें आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीनें आम्हांस शिकविलें.

टूलबार म्हणजे पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेस असणारी चिन्हांची ओळ. एका चिन्हावर बोट टेकलें कीं एक काम होतें. चिन्हांवरून संगणकास आज्ञा देण्याची पद्धत झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ ह्या यंत्राबरोबर १९८१ सालीं बाजारांत आली, आणि १९८४ सालच्या ॲपलच्या मॅकिंटॉशनें ती लोकप्रिय केली. तेव्हांपासून आजतागायत चित्रांचे अर्थ आपण पाठ करीत आलों आहों. लिहिलेलें जतन करण्यासाठीं फ्लॉपीचें चित्र अजून कित्येक ठिकाणीं दिसतें; आमच्या वर्गांतील किती जणांनीं खरी फ्लॉपी हातांत धरली असेल? तथापि त्या चित्रावर बोट ठेवण्यास कोणी चुकत नाहीं. कारण चित्राचा मूळ अर्थ विसरला, तरी त्याचा उपयोग आणि त्याची जागा मनांत ठसलेली असते.

आतां जागेचाच हिशेब पाहूं. बोटानें नेमकें दाबतां यावें म्हणून प्रत्येक चिन्हास सुमारें नऊ मिलिमीटर रुंदीची जागा असावी, असें अँड्रॉइडच्या रचनेचे नियम सांगतात. सामान्य मोबाइलची रुंदी सात सेंटिमीटरांच्या आसपास. म्हणजे एका ओळींत फार तर सात चिन्हें मावणार. बाकीचीं सर्व कामें ‘तीन टिंबां’च्या आड जाणार. ॲप करील कामें तीस, आणि हाताशीं जागा सातांची! तेव्हां निवड ही कोणास तरी करावीच लागते. प्रश्न एवढाच कीं, ती कोणीं करावी.

आमच्या चुकीची हकीकत अशी. आमच्या आजीच्या डोळ्यांस बारीक अक्षर दिसत नाहीं. टिपणें लिहिण्याच्या एका ॲपमध्यें मायक्रोफोनचें चिन्ह दाबून ती दुधाच्या रतिबाचा हिशेब बोलून ठेवीत असे. तें चिन्ह पट्टीच्या अगदीं उजव्या टोकास होतें. गेल्या दिवाळीच्या सुटींत तिचा फोन आमच्या हातीं आला, आणि आम्हांस सुधारणेची लहर आली. चिन्ह दाबून धरावें, सरकवावें आणि सोडावें, इतकें तें सोपें काम! यादीचें चिन्ह, कुंचला, कॅमेरा असे आम्हांस आवडणारे मानकरी पुढें आणिले. मायक्रोफोन तीन टिंबांच्या आंत धाडिला. आणि एक चांगलें काम केल्याच्या समाधानांत आम्ही झोंपीं गेलों.

पुढचे चार दिवस आजीनें हिशेब लिहिला नाहीं. विचारिलें तेव्हां ती हळूच म्हणाली, “बाळ, माझ्या हातून फोन बिघडला वाटतं. कोणाला सांगूं नकोस.” तिनें नेहमींच्या जागीं बोट ठेविलें, तों कॅमेरा उघडला, पुन्हां ठेविलें, पुन्हां कॅमेराच. चूक आमची, आणि लाज वाटली तिला! मांडणी बदलल्यानें काय होतें, हें त्या एका वाक्यानें आम्हांस कळलें. जिचें काम सुरळीत चाललें होतें, तिला आपण अडाणी आहों असें वाटूं लागलें.

मग आम्ही तिच्याजवळ बसलों आणि तिलाच विचारिलें. तिची मागणी आमच्या कल्पनेंतहि नव्हती. ती म्हणाली, “मला तीनच खुणा पुरेत. बोलायची खूण उजव्या अंगठ्याशीं, होती तिथंच असूं दे. आणि पाठवायची खूण तिच्यापासून लांब ने. मागं एकदां दुधाचा हिशेब तुझ्या मावशीला गेला होता.” हें ऐकून आम्ही चकित झालों. कोणतें चिन्ह जवळ असावें एवढाच विचार आम्ही करीत होतों. कोणतें चिन्ह कोणापासून दूर असावें, हें ज्याच्या बोटास चटका बसला आहे त्यासच कळतें.

पॉल फिट्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, एखाद्या खुणेपर्यंत हात पोहोंचण्यास लागणारा वेळ तिच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. परंतु अंतर मोजावयाचें कोठून? डावखुऱ्याचा अंगठा डावीकडून येतो, उजव्याचा उजवीकडून. एका हातानें गाडीचा दांडा धरून उभ्या असलेल्या प्रवाशाची गोष्ट निराळी, आणि टेबलावर फोन ठेवून दोन्ही हातांनीं काम करणाऱ्याची निराळी. कारखान्यांत बसून हें प्रत्येकाचें अंतर कोण मोजणार?

ह्यावर ॲप करणारांचें म्हणणें असें कीं, सर्वांची मांडणी सारखी असली म्हणजे शिकविणें व मदत करणें सोपें जातें. ह्यांत तथ्य आहे. दूरच्या गांवीं असलेल्या वडिलांस फोनवरून ‘खालचें डावीकडून दुसरें चिन्ह दाबा’ असें सांगावयाचें, तर दोन्हींकडे तें चिन्ह एकाच जागीं असावें लागतें. शिवाय बहुतेक लोक मूळची मांडणी कधींच बदलीत नाहींत. म्हणून ती मूळचीच विचारपूर्वक केलेली असावी. परंतु आरंभीं सर्वांस एकच मांडणी देणें निराळें, आणि तीच सर्वांवर कायमची लादणें निराळें.

कांहीं जण म्हणतील, यंत्रानेंच आपल्या संवयी ओळखून मांडणी करावी. हाहि प्रयोग होऊन गेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस २०००’ मध्यें क्वचित् वापरलेल्या आज्ञा याद्यांतून आपोआप लपत असत. हेतु चांगला होता. पण काल दिसलेली आज्ञा आज कोठें गेली, असें पुष्कळांस होऊं लागलें. पुढें ‘ऑफिस २००७’ मध्यें जुन्या टूलबारांच्या जागीं नवी रुंद पट्टी आली व ती बदलण्याची मुभा फारच थोडी उरली. ‘ऑफिस २०१०’ मध्यें ती पट्टी आपल्या सोयीनें मांडण्याची मोकळीक द्यावी लागली. मोबाइलवरहि तेंच घडलें. २०२१ सालीं ॲपलनें आयफोनवरील सफारी ब्राउझरची पत्त्याची पट्टी वरून खालीं आणिली. चाचणीच्या काळांतच तक्रारी झाल्या. आणि पट्टी वर असावी कीं खालीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें अशी सोय अंतिम आवृत्तींत झाली. खालची जागा अंगठ्यास खरोखर जवळ होती. तरीहि लोकांस ती न विचारतां झालेली अदलाबदल रुचली नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, टूलबारची मांडणी ज्याचा हात त्यावर फिरतो त्यानेंच करावी. त्याकरितां ॲप करणारांकडे चार गोष्टी मागाव्या. चिन्हें सरकविण्याची सोय उघड्यावर असावी, सात पडद्यांआड नसावी. चिन्हाखालीं त्याचें नांव मराठींतहि दिसावें, आणि ज्यांस दिसत नाहीं त्यांस तें फोननें वाचून दाखवावें. नांव न दिलेलें चिन्ह अंधास केवळ ‘बटण’ म्हणून ऐकूं येतें. मांडणी बिघडली तर एका स्पर्शानें पूर्ववत् करितां यावी. आणि नवी आवृत्ति आली तरी आपण केलेली मांडणी तिनें मोडूं नये. ह्या चौथ्या गोष्टीवर आमचा विशेष कटाक्ष आहे. कारण रात्रींतून पट्टी बदलणारी कंपनी नेमकें तेंच करिते, जें आम्ही आजीच्या फोनवर केलें.

विद्यार्थीमित्रहो, कंपन्यांपुढें ही मागणी मांडीत असतां आपणांसहि एक नियम लागू होतो. घरांतील कोणताहि फोन बिघडला कीं हांक आपणांस येते, आणि आपण दोन मिनिटांत सगळें ‘नीट’ करून देतों. ह्या सुटींत कोणाचा फोन हातीं आला तर प्रथम विचारावें, “तुमचं बोट कुठं जातं?” उत्तर ऐकावें, आणि मगच चिन्ह हालवावें. आमच्या आजीच्या पट्टीवर आज तीनच चिन्हें आहेत. आम्हांस ती पट्टी ओकी वाटते. पण रतिबाचा हिशेब पुन्हां चालूं आहे, आणि त्यांत एका दिवसाचाहि खंड पडलेला नाहीं.