‘फॉरमॅट’ मारण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात माझा घरचा संगणक चालता चालता अचानक बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. कधी एखादे वाक्य अर्धे असताना, कधी नुसता उघडा ठेवलेला असताना. पडदा काळा व्हायचा, पंख्याचा आवाज क्षणभर थांबायचा आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये ही तक्रार सांगितली, तेव्हा चहा संपेपर्यंत चार निदाने हाती आली: व्हायरस असेल, रॅम गेली असेल, विंडोज बिघडले असेल, नाहीतर यंत्रच जुने झाले असेल. निदाने चार, उपाय मात्र एकच. ‘फॉरमॅट मारून टाका.’

शिक्का मारणे, फेरी मारणे, तसेच फॉरमॅट मारणे. फार विचार न करता एका झटक्यात उरकायच्या कामांना मराठीने हे क्रियापद मोठ्या नेमकेपणाने लावले आहे. या उपायाविषयी आणि त्यामागील वृत्तीविषयी इथे थोडे लिहायचे आहे. विषय यंत्राचा असला, तरी तो साहित्याच्या वर्गापासून फारसा दूर नाही, असे मला वाटते.

२००८ साली हाच विकार माझ्या तेव्हाच्या संगणकाला जडला होता. दुरुस्तीसाठी आलेल्या तरुणाने पाच मिनिटांत निर्णय दिला, ‘मॅडम, फॉरमॅट मारून देतो, एकदम नव्यासारखा होईल.’ डी ड्राइव्हला हात लावणार नाही, असेही त्याने सांगितले आणि तो शब्द पाळला. पण माझ्या थोरल्या आत्यांनी सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या मी ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवल्या होत्या, आणि ते दालन सी ड्राइव्हवर असते, हे मला ठाऊक नव्हते. दोनशेहून अधिक ओव्या होत्या. आत्या दिवाळीत आमच्याकडे राहायला आल्या, की त्या सांगत आणि मी थेट यंत्रावर उतरवून घेई. आधी वहीत लिहून घ्यावे, हा जुना मार्ग मला त्या वयात मागासलेला वाटत असे. आत्या त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

यातील खरा उपरोध पुढेच आहे. फॉरमॅट होऊन आठवडा उलटला नाही तोच संगणक पूर्वीसारखाच बंद पडू लागला. दोष विंडोजमध्ये नव्हताच. प्रोसेसरवरील पंख्याखालच्या धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा घट्ट थर बसला होता आणि यंत्र तापून बंद पडत होते. रंगाच्या कोरड्या ब्रशने दहा मिनिटांत ते साफ झाले. म्हणजे रोग्याची स्मृती पुसली गेली आणि रोग होता तिथेच राहिला.

म्हणून या वेळी ठरवले, की पुसण्याआधी वाचायचे आणि वाचण्याआधीही सगळ्या मजकुराची दुसऱ्या डिस्कवर नक्कल करून ठेवायची.

वाचायचे म्हणजे काय? पहिली गोष्ट अशी, की आपोआप रीस्टार्ट होणे हे लक्षण आहे, कारण नव्हे. किंबहुना पुष्कळदा ते दुसऱ्या लक्षणाला झाकणारे लक्षण असते. गंभीर बिघाड आढळला की विंडोज पडदाभर सूचना दाखवते. ती पूर्वीपासून निळी होती, विंडोज ११मध्ये २०२५पासून काळी झाली आहे. परंतु बिघाडानंतर यंत्राने आपोआप पुन्हा सुरू व्हावे, ही सोय २००१च्या एक्सपीपासून मुळातच चालू ठेवलेली असते. परिणामी साक्षीदार तोंड उघडतो न उघडतो तोच त्याला बाहेर काढले जाते. ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’मधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’खाली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ असे लिहिलेले असते. त्यासमोरची खूण मी काढून टाकली. आता दोनच शक्यता उरल्या. पडदा सूचनेवर थांबला, तर तिच्यातील शब्द उतरवून घेऊन पुढे जाता येते. बहुधा ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्क यांकडे ती बोट दाखवते. सूचना न येताच यंत्र पुन्हा सुरू झाले, तर संशय वीजपुरवठ्याकडे किंवा उष्णतेकडे वळतो. माझ्या बाबतीत दुसरे घडले.

यानंतर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडला. विंडोज स्वतःची रोजनिशी लिहीत असते आणि ती जवळजवळ कोणीही वाचत नाही. तिथे ४१ क्रमांकाची नोंद सापडली, तिच्या उगमापुढे ‘कर्नल पॉवर’ असे लिहिलेले. ‘पॉवर’ हा शब्द दिसताच वीजपुरवठ्याचा दोष सिद्ध झाला असे मानण्याचा मोह होतो; तो टाळला पाहिजे. ही नोंद एवढेच सांगते, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. का झाले नव्हते, हे ती सांगत नाही. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य होता, म्हणजे पडण्यापूर्वी विंडोजला आपला कोणताही बिघाड नोंदवता आला नव्हता. त्याशेजारच्या ६००८ क्रमांकाच्या नोंदीत यंत्र अनपेक्षितपणे बंद पडल्याची वेळ मिळते. आणि अपडेटसाठी किंवा कोणाच्या आज्ञेने रीतसर रीस्टार्ट झाले असेल, तर १०७४ क्रमांकाची नोंद होते.

तीन आठवड्यांत माझ्या वहीत पंधरा रीस्टार्टची टिपणे झाली होती. त्यांपैकी एक १०७४ची निघाली. तो अपडेटचा भाग होता, रोगाशी त्याचा संबंध नव्हता. जुन्या पोथीतील प्रक्षिप्त ओवी बाजूला काढावी तशी ती वेगळी केली. उरलेल्या चौदांच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या. अकरा वेळा हा प्रकार सकाळी साडेसहाच्या किंवा संध्याकाळी सातच्या आसपास घडला होता, तीन वेळा वादळी पावसाच्या दुपारी. रॅमला घड्याळ कळत नाही. उष्णतेचे म्हणावे, तर पहाटे नुकताच सुरू केलेला संगणक तापण्याचे कारण नव्हते. साडेसहाला आणि सातला आमच्या इमारतीत एकच गोष्ट नेमाने घडते: टाकीत पाणी चढवणारी मोटर सुरू होते आणि घरातले दिवे क्षणभर मंद होतात.

पण संगणक तर यूपीएसवर होता. असा क्षण निभावून नेण्यासाठीच ते उपकरण असते. म्हणून संगणक बंद करून त्याच्या जागी यूपीएसला शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा जोडला आणि भिंतीवरचे बटण बंद केले. दिवा तत्काळ विझला. (एलईडीचा लहान दिवा लावला असता, तर त्याचा भार इतका कमी, की मेलेली बॅटरीही जिवंत भासली असती.) आतली बारा व्होल्टची बॅटरी चार वर्षांहून जुनी होती. तेवढी बदलली, बाकी कशालाही हात लावला नाही. एका वेळी एकच बदल, हा नियम इथे फार मोलाचा आहे. नाहीतर गुण कशाने आला हेच कळत नाही. त्यानंतर पाण्याची मोटर रोज सुरू होते आणि माझी वाक्ये पूर्ण होतात.

स्टाफरूममधील निदाने मुळातच वेडगळ होती, असे मात्र मला म्हणायचे नाही. ती कधी ना कधी खरी ठरलेली निदाने आहेत. ऑगस्ट २००३मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा किडा पसरला, तेव्हा पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणती दिसून संगणक खरोखरच पुन्हा सुरू होत असत. रॅमच्या पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने पुसल्यावर बरे झालेले संगणक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या काळातल्या कित्येक मदरबोर्डांवरील कपॅसिटर फुगून निकामी होत, हेही खरे. चूक निदानात नसून ते या रोग्याला न तपासता लावण्यात आहे. उलट १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली आणि त्यांतील कित्येक पुन्हा पुन्हा सुरू होत राहिली. त्यावर उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढणे. बाकी सारे जसेच्या तसे शाबूत होते.

मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द वैद्याकडेही चालतो आणि समीक्षकाकडेही. संहितेच्या अभ्यासाला आपण ‘पाठचिकित्सा’ म्हणतो. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हातोहात झालेल्या नकलांमुळे तिच्यात अपपाठ शिरले होते. भ्रष्ट झालेला ग्रंथ बाजूला सारून नवा रचणे त्यांच्यासारख्या कवीला अशक्य नव्हते. त्यांनी मात्र पाठ तपासले, दोष शोधले आणि दोष तेवढाच काढला. आपल्या परंपरेतील चिकित्सेचा हा आदर्श आपण प्रश्नपत्रिकेत विचारतो; आचरणात किती आणतो?

आमच्या वर्गात काय घडते ते पाहा. विद्यार्थ्यापुढे कविता ठेवली, की पहिल्या दोन मिनिटांत ‘अस्तित्ववादी’, ‘ग्रामीण’, ‘स्त्रीवादी’ अशी निदाने येतात. कविता कुठे थांबते, कोणता शब्द पुन्हा येतो, कोणती ओळ बाकीच्यांशी जुळत नाही, याची नोंद कोणी घेत नाही. हे विद्यार्थी आमच्याकडूनच शिकले आहेत. प्रबंधाचे एखादे प्रकरण जमले नाही, तर ‘पुन्हा पहिल्यापासून लिहा’ एवढेच आम्ही मार्गदर्शक सांगतो. नेमके कोणत्या परिच्छेदात युक्तिवाद कोसळतो, हे शोधण्याचे कष्ट घेत नाही. तोही फॉरमॅटच.

त्या २००८च्या तरुणावर माझा राग नाही. फॉरमॅटचा दर ठरलेला होता. रोजनिशी वाचण्याचा दर कोणी ठरवला नव्हता, आणि मीही त्याला ‘आधी तपासून सांगा’ असे म्हटले नव्हते. वाचनाच्या वेळेला मोल देण्याची सवय गिऱ्हाइकाला नसेल, तर कारागिराने ती का लावून घ्यावी? महाविद्यालयांतही याहून निराळे काही नाही.

अर्थात फॉरमॅट कधीच करू नये, असा हट्ट नाही. घातक प्रोग्रॅम खोलवर रुजला असेल, तर तो करावाच लागतो. आणि वाचनालाही मर्यादा आहेत: वीजपुरवठ्याचा एसएमपीएस हा डबा घरी उघडू नये, बंद केल्यावरही त्यात धोकादायक दाब उरतो; तिथे जाणकारच हवा. माझे म्हणणे एवढेच, की पुसणे हा शेवटचा उपाय असावा आणि तिथवर जाण्याआधी नोंद, नक्कल आणि तपासणी या तीन पायऱ्या चढलेल्या असाव्यात.

नव्या बॅटरीवर मी मार्करने तारीख लिहून ठेवली आहे. आत्यांच्या ओव्यांपैकी नऊ मला आठवतात. त्याही पूर्ण बरोबर आठवतात की नाही, हे ताडून पाहायला आता दुसरी प्रत नाही. त्या मी या वेळी आधी वहीत लिहिल्या.