सिस्टरची स्पेलिंग

आमच्या स्टाफरूममध्ये परवा एका सहकाऱ्याने मोबाइल पुढे केला. दवाखान्यातल्या सिस्टरने फळ्यावर 'रूग्ण' लिहिलं होतं, 'नातेवाइक' लिहिलं होतं. सगळे हसले. मीही हसलो. भाषेचा मास्तर, सवय जात नाही. पण 'रूग्ण' लिहिल्याने कुणाचा ताप वाढत नाही, हेही तेव्हाच म्हणायला हवं होतं.

कारण त्याच आठवड्यात मी खालाजानच्या डिस्चार्ज कार्डासाठी फेऱ्या मारत होतो. आधारवर झैनब, कार्डावर जैनब, बिलावर झेनब. विम्याचे कागद परत आले. आपली नावं अनोळखी म्हणून कानाला येतील तशी लिहिली जातात. 'आधार कार्ड बघून लिहा' एवढं सांगायला कुणाला सुचत नाही, आणि आपणही काउंटरवर वाचून बघत नाही.

नावाने पैसे अडकतात, औषधाने जीव. हायड्रॅलाझिन रक्तदाबावर आणि हायड्रॉक्सिझिन खाजेवर. इंग्रजीत लिहिताना फरक चार-दोन अक्षरांचा. इन्सुलिनच्या ४ युनिटांपुढे घाईत इंग्रजी 'यू' काढला की तो शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० वाचले जातात. ५ लिहायचं तिथे ५.० लिहिलं आणि टिंब पुसट आलं, तर ५०. अमेरिकेत जॉइंट कमिशनने अशी घातक संक्षिप्त रूपं वापरू नयेत म्हणून २००४ मध्ये यादीच काढली. आपल्याकडे २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितलं. म्हणजे गुन्हेगार एकट्या सिस्टर नाहीत. डॉक्टरांच्या अक्षरावर आपण विनोद करतो, सिस्टरच्या स्पेलिंगवर मात्र तिची लायकी काढतो.

जीएनएमला गेलेल्या माझ्या काही विद्यार्थिनी आहेत. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, पुढे एकदम इंग्रजी पुस्तकं. पण स्पेलिंगचं महत्त्व त्यांना नवं नाही. उर्दूत 'ज़' या एका आवाजाला ज़े, ज़ाल, ज़्वाद, ज़ोय अशी चार अक्षरं. ज़ोयने लिहिलेली 'नज़र' म्हणजे दृष्टी, ज़ालने लिहिली की अर्पण. कानावर भागत नाही, हे या मुली पहिलीपासून शिकतात. नर्सिंगच्या वर्गात त्याचा उपयोग कुणी करून घेत नाही. 'तुमचं इंग्लिश कच्चं' एवढंच ऐकवतात. मग मुली विचारायच्याच बंद होतात. न विचारता अंदाजाने लिहिणारी सिस्टर मला चुकीच्या 'रू'पेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

मी दहावीच्या इमल्यात आठवड्यातून एकदा औषधाच्या पाकिटावरची नावं घालायला सुरुवात केली आहे. अभ्यासक्रमात नाही, मुली कुरकुरतात. एकीने विचारलं, "सर, ह्याचे मार्क आहेत का?"

खालाजानचं कार्ड अजून दुरुस्त व्हायचं आहे. सोमवारी पुन्हा जायचंय, आधारची झेरॉक्स घेऊन.