चवीने पाहिलेली मरणे

‘स्क्विड गेम’ (२०२१) ही कोरियन मालिका म्हणजे भांडवलशाहीवरचे जळजळीत भाष्य, असे आपल्यातले जाणकारही बिनदिक्कत म्हणतात. मला ते मान्य नाही. कर्जबाजारी ४५६ माणसे बक्षिसाच्या आशेने खेळात उतरतात, एकेक करून मरतात आणि मुखवटे घातलेले धनिक ती मरणे चवीने पाहतात. या धनिकांचा धिक्कार करणारी मालिका प्रेक्षकाला मात्र त्यांच्याच शेजारी बसवते. आता कोण मरणार, ही उत्सुकता जुगारातली आहे. तिला भाष्य का म्हणावे?

जिवाची किंमत ठरवणारा समाज पाहायचाच असेल तर ली चांग-डोंग यांचा ‘पोएट्री’ (२०१०) पाहावा. (ली मूळचे कादंबरीकार, ते जाणवतेच.) अत्याचारानंतर एका शाळकरी मुलीने नदीत जीव दिला आहे. सहा आरोपी मुलांचे पालक उपाहारगृहात बसून प्रत्येकी ५० लाख वॉन देऊन प्रकरण मिटवायचे ठरवतात. त्यांतल्या एका मुलाची आजी, मिजा, कवितेच्या वर्गाला जाते. तिला स्मृतिभ्रंशाची सुरुवातही झाली आहे. मुलीच्या आईचे मन वळवायला निघालेली मिजा वाटेत गळून पडलेल्या जर्दाळूंत रमते, शेतात त्या आईशी फळांविषयी गोड बोलते आणि परत फिरते. आपण कशासाठी आलो होतो, हे तिला मग आठवते. हे विस्मरण आजाराचे की सौंदर्यासक्तीचे, हे ली सांगत नाहीत. काव्यशास्त्र शिकवणाऱ्यांना हा प्रसंग सुखाने पाहता येणार नाही. वर्गात दाखवायचा तर मी हाच दाखवीन.