काय दिवे लावणार?

दिवाळी सरली की आमच्या शहापूर-मुरबाड तालुक्यांत माणसांनी भरलेले टेम्पो रस्त्याला लागतात. आपल्या घरी चकलीचा डबा अजून संपलेला नसतो, आणि तिकडे कातकरी वाड्यांवरून भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरेबाळे घेऊन जोडपी वीटभट्ट्यांवर निघालेली असतात. कुणी भिवंडीकडे, कुणी कल्याणकडे. पाऊस तोंडावर आला म्हणजे परततात. आधी घेतलेली उचल भट्टीवर राबून फेडायची. हजार विटांना दर काय, आठवड्याची खर्ची किती, हिशेबाअखेर अंगावर किती राहिले, हे सारे मुकादमाच्या वहीत असते. ती वही कुणी तरी नीट वाचावी, असे आपल्याला कधी वाटले आहे काय?

माझी एक जुनी विद्यार्थिनी ती वाचायला निघाली होती. मी ह्या भागात तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. ही मुरबाडकडची, ठाकूरवाडीतली मुलगी. एम.ए. झाली, पीएच.डी.ला नाव नोंदविले आणि विषय घेतला तो हाच. भट्टीवरच्या बाया तिच्याशी जे बोलतील ते तुमच्या-माझ्याशी कधी बोलणार नाहीत. विषय मंजूर झाला. अधिछात्रवृत्तीही मंजूर झाली. पैसे तेवढे आले नाहीत! संस्थेचे नाव सांगत नाही. नाव बदलले तरी गोष्ट बदलत नाही. भट्ट्या सुरू झाल्या तेव्हा ही एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत पैशांची वाट पाहत होती. पहिला हप्ता हातात पडला जूनमध्ये. जूनमध्ये भट्टीवर चिखलावाचून काय असते? आणि पाठोपाठ पत्र आले की, रक्कम कशी खर्च केली त्याचा दाखला पंधरा दिवसांत पाठवावा.

त्या दिवशी ती मला एवढेच म्हणाली, ‘‘सर, भट्टीवाला उचल वेळेवर देतो हो.’’

भट्टीवाल्याचे कौतुक तिला करावयाचे नव्हते. त्या उचलीत माणूस कसा अडकतो, हे ती माझ्याहून अधिक जाणते. पण ज्याला माणूस बांधून ठेवावयाचा आहे त्याला वेळेची किंमत कळते, आणि ज्यांनी माणूस मोकळा करावयाचा त्यांना ती कळत नाही, ही आपली तऱ्हा आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, विधान परिषदेत, ‘सारथी’च्या अधिछात्रवृत्तीच्या जागा दोनशेवर आणल्याबद्दल प्रश्न निघाला होता. तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी उलट विचारले, पीएच.डी. करून काय दिवे लावणार आहेत? पुष्कळ गदारोळ झाला. मला मात्र त्यांचा फारसा राग आला नाही, कारण ते सभागृहात जे बोलले तेच आपल्या दिवाणखान्यात रोज बोलले जाते. मुलगा संगणकाकडे गेला की पेढे वाटायचे आणि मुलगी समाजशास्त्र घेते म्हणाली की, ‘‘पुढे काय?’’ म्हणून तोंड पाडायचे. प्रश्न आपणच पढविला. त्यांनी तो माइकवर म्हणून दाखविला, इतकेच.

तेव्हा उत्तरही आपणच शोधले पाहिजे.

मुंबईकर वाचकहो, तुमच्या घरचे पाणी कुठून येते? तानसा तलाव १८९२ साली बांधून झाला, तो शहापूर तालुक्यात. भातसा धरणही ह्याच तालुक्यात, आणि मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी त्याचे. आणि ह्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत बसतात. धरण बांधण्याआधी खडकाची परीक्षा होते, पावसाची मोजदाद होते, आणि त्यासाठी पैसा वेळेवर मिळतो. त्या खडकावर राहणारा माणूस पुढे कुठे गेला, काय खाऊ लागला, कुणाचा देणेकरी झाला, हे शोधणारीला मात्र विचारतात, काय दिवे लावणार? मुरबाडात काळू नदीवरच्या धरणाचे काम वनखात्याची परवानगी नसताना सुरू झाले होते. २०१२ साली उच्च न्यायालयाला ते थांबवावे लागले. असा वाद उभा राहतो तेव्हा माणसांविषयीची माहिती आयत्या वेळी आकाशातून पडत नाही. कुणी तरी चार वर्षे आधी वाड्यावाड्यांतून हिंडलेले असावे लागते.

येथे कुणी तरी राजवाड्यांचे नाव काढणारच. इतिहासाचार्य राजवाडे दफ्तरांसाठी गावोगाव पायपीट करीत फिरले आणि साधनांचे बावीस खंड काढले. त्यांना कुठे अधिछात्रवृत्ती होती? नव्हती. पण एका राजवाड्यांनी उपास सोसले म्हणून पुढच्या शंभर वर्षांतल्या सगळ्यांनी ते सोसावेत, हा कुठला न्याय? तपस्व्याला हार घालणे आपल्याला आवडते, कारण हार पगारापेक्षा स्वस्त पडतो. शेजारच्या बदलापूरचे भाग्य थोर, ना. गो. चापेकर न्यायखात्यातून निवृत्त होऊन तिथे राहिले आणि १९३३ साली त्यांनी आपल्या गावावर पुस्तक लिहिले. त्यामागे चापेकरांची चिकाटी होती, तशी पेन्शनही होती. कातकरी वाडीत पेन्शनवाला न्यायाधीश निपजेपर्यंत आपण थांबायचे काय?

दुसरा आक्षेप खरा आहे. पुष्कळ प्रबंध निकामी असतात, काही चक्क चोरलेले असतात. मान्य. पण एक पीक किडले म्हणून कोणी शेतकरी शिवाराचे पाणी तोडीत नाही. शिवाय अर्धपोटी संशोधकाकडून दुसरे काय होणार? विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०२३ साली महिना ३७,००० रुपये झाली, हे चांगलेच. पण ती थोड्यांच्या वाट्याला येते. आणि प्रवास, पुस्तके, झेरॉक्स ह्यांसाठी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे तीत वर्षाकाठी १०,००० रुपये धरलेले, म्हणजे दिवसाला सत्तावीस! बायकांना एस.टी.चे अर्धे तिकीट असले तरी मुरबाडहून भिवंडीला जाऊन येणे त्यात बसत नाही.

माझे मागणे फार मोठे नाही. अधिछात्रवृत्ती पगारासारखी पहिल्या तारखेला द्या. हिंडण्याचा खर्च हंगामाआधी द्या, हिशेब मागाहून कसून घ्या. पदवी मिळाल्यावर दोन वर्षे तरी तिला तासांच्या हजेरीवर जगायला लावू नका. आणि जी मुंबई आमचे पाणी पिते, तिने त्या पाण्याच्या काठच्या चार-दोन मुलामुलींचा अभ्यास पोसावा. हे दान नव्हे, बाकी आहे.

वाचकहो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. ह्या दिवाळीत घरातले एखादे पोर म्हणाले की, मला इतिहास शिकायचा आहे, माणसांचा अभ्यास करायचा आहे, तर ‘‘पुढे काय?’’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा.

माझी विद्यार्थिनी ह्या वर्षीही भट्टीवर जायचे म्हणते. टेम्पो लौकरच निघतील. पैसे अजून आलेले नाहीत. दिवे लावायला ती तयार आहे. तेल कोण घालणार, तेवढे सांगा.