‘बसतंय ना’ म्हणून कॅलिपर बसवू नका

गणपतीला गाडी घेऊन कोकणात उतरणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे: सामान बांधायच्या आधी पुढची दोन्ही चाकं काढून ब्रेकचे कॅलिपर बघून घ्या. बदलायची वेळ आलीच, तर तुमच्याच गाडीचा आणि त्याच बाजूचा कॅलिपर घाला. हे काम या आठवड्यात उरका. चतुर्थी तोंडावर आली की गॅरेजवाल्याला मान वर करायला फुरसत नसते आणि पार्टवाल्याकडे जे उरलेलं असतं, ते ‘बसतंय ना, मग झालं’ म्हणून खपतं.

माझं गॅरेज चिपळूणचं. गेल्या वर्षी कुंभार्ली घाट उतरून एक गाडी आली. आली म्हणजे, पहिल्या गिअरवर, हँडब्रेक ओढत ओढत कशीबशी पोचली. पेडलवर पाय ठेवला तर चिखलात रुतल्यासारखा खाली गेला. कॅलिपर आठच दिवसांपूर्वी नवा घातलेला, बिलही दाखवलं. चाक काढलं तर हवा काढायचं निपल खाली तोंड करून बसलेलं! ड्रायव्हर साइडला क्लीनर साइडचा कॅलिपर. बोल्ट मात्र चपखल बसले होते. आता हवा चढते वर आणि निपल तळाला. पेडल कितीही मारा, बुडबुडा आतच राहणार. ब्रेक ऑइल दाबलं तर दबत नाही, हवा दबते, म्हणजे पायाचा जोर पॅडपर्यंत पोचायच्या आधीच जिरतो. मागच्या सीटवरच्या आजींच्या मांडीवर मखराच्या झालरींची पिशवी होती. गाडीतून उतरल्यावरही त्यांची मूठ सुटत नव्हती.

तेव्हा नवा कॅलिपर बसला की निपल वरच्या अंगाला आहे ना, एवढं स्वतः वाकून बघा. त्याला मेकॅनिक असावं लागत नाही. बाजू सांगतानाही घोळ होतो. डावी-उजवी ठरवायची ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून, गाडीच्या तोंडाशी उभं राहून नव्हे. आणि मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ बघून पार्ट मागवणाऱ्यांनो, तिकडची ‘ड्रायव्हर साइड’ म्हणजे आपली क्लीनर साइड.

कॅलिपर ओळखायचा तो मॉडेलच्या नावावरून नाही. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलला एक, डिझेलला दुसरा, मधल्या वर्षी कंपनीने बदललेला तिसरा, असं असू शकतं. डिसेंबरात बनलेली गाडी फेब्रुवारीत पासिंग होते आणि मालक वर्ष सांगतो पासिंगचं. म्हणून आरसी बुक घेऊन जा. त्यावरचा १७ अक्षर-अंकी चेसिस नंबर काउंटरवर द्या, त्यावरून पार्ट नंबर काढायला लावा आणि जुना कॅलिपर शेजारी ठेवून पिस्टन, ब्रॅकेटची भोकं, होजचं तोंड ताडून बघा. पिस्टनचा व्यास काही कॅलिपरच्या अंगावरच ओतलेला असतो. ५४ मिलिमीटरचा आणि ५१चा पिस्टन पटकन ओळखू येत नाही, पण तेवढ्याच दाबाला मोठा पिस्टन जवळजवळ १२ टक्के जास्त जोराने पॅड दाबतो. एका चाकाला हा, दुसऱ्याला तो, आणि ओला रस्ता: गाडी कुठे ओढेल ते सांगायला नको.

आता, प्रत्येक वेळी कॅलिपर बदलायलाच लागतो असंही नाही, धंद्याचं नुकसान झालं तरी सांगतो. पावसात रबरी बूट फाटून पिनांत पाणी शिरतं, पिना जॅम होतात, एकच पॅड झिजत राहतं, चाक धरतं, रिम हात लावता येणार नाही इतकी तापते. चाक जॅकवर घ्या, ब्रेक मारून सोडा. चाक घट्ट राहिलं तर निपल जरा सैल करायला सांगा. लगेच मोकळं झालं, तर ऑइलचा दाब अडकतोय. आतून फुगलेला होज असू शकतो, कॅलिपर बिचारा निर्दोष. तरीही घट्टच असेल तर पिन किंवा पिस्टन. पिना साफ करून, ब्रेकचंच ग्रीस लावून, नवी रबरं घालून पुष्कळदा भागतं. पिस्टनला गंजाचे खड्डे पडले असतील तर मात्र किट घालून दिवस ढकलू नका.

बसवताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू देऊ नका, होजच्या बोल्टला तांब्याचे वॉशर नवेच घालायला लावा, पॅड दोन्ही बाजूंची एकदम बदला. ‘ब्रेक ऑइल’ या नावाने मोठा घात केलाय. नाव ऐकून लोक खरंच इंजिन ऑइल ओततात आणि सगळी रबरं फुगतात. टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच डॉट वापरा, तेही नवं, सीलबंद. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; हवेतला ओलावा पिऊन बसलं की ही हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत मारा. पहिला ब्रेक रिकामा जातो, आणि समोर गॅरेजची भिंत असते.

घाटात जळका वास आला, तर जागा बघून थांबा आणि चाकाला आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, ती वाकडी होते, तडकतेसुद्धा. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवू नका. दोन-चार दाबांत बूस्टरचा जोर संपतो आणि पेडल दगड होतं.

पार्ट मागवायचा तर चार-पाच दिवस जातात. आरसीचा फोटो आजच आपापल्या गॅरेजवाल्याला पाठवून ठेवा. हरतालिकेच्या संध्याकाळी आमचीही शटरं खाली पडतात, आम्हालाही गणपती आणायचा असतो.