उसनं पात्र, स्वतःचा प्रश्न

गेल्या महिन्यात सिन्नरमध्ये एका साहित्यिक बैठकीत एका ज्येष्ठ लेखकांनी चार-पाच मुलांना सगळ्यांदेखत झापलं. मुलांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्या वह्यांत गोष्ट नव्हती, गोष्टीची तयारी होती. एकीनं हॅरी पॉटरच्या शाळेत सिन्नरची मुलगी पाठवली होती. दुसऱ्यानं जमिनीखालच्या एका राज्याचा नकाशा काढून तिथली नाणी, शपथा आणि शिक्षा लिहून ठेवल्या होत्या.

त्या लेखकांचं म्हणणं तीन कलमी होतं. दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिणं ही उसनवारी, आणि उसनवारीतून साहित्य होत नाही. खरा लेखक आराखडे काढत बसत नाही, त्याला सुचतं. आणि ज्या तालुक्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथं जादूगार आणि ड्रॅगन म्हणजे वास्तवापासून पळ काढणं. टाळ्या पडल्या. मुलांनी वह्या मिटल्या. त्या टाळ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तिसरं कलम आधी निकालात काढतो. याच जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. देव-राक्षसांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या माणसांनीच हे अद्भुत जपलं आहे. दुष्काळ आणि कल्पना यांचं वैर आहे, हे त्यांना कुणी जाऊन सांगावं.

दुसरं कलम. आपल्या गोंदेश्वराच्या आवारात एकदा डोळे उघडे ठेवून फिरावं. मध्ये महादेवाचं मंदिर, चार बाजूंना सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती यांची छोटी देवळं, समोर नंदीमंडप, आणि हे सगळं एकाच जोत्यावर. छिन्नी उचलण्याआधी कुणीतरी मापं टाकली होती, म्हणूनच ते पंचायतन उभं आहे. दगडाला आराखडा चालतो, मग कथेनंच काय घोडं मारलं?

आता पहिलं कलम. इथे मात्र मी सहजासहजी थांबणार नाही. उसनवारीतून साहित्य होत नसेल, तर मराठीत उरतं काय? मोरोपंतांनी रामकथा एकदा सांगून समाधान मानलं नाही. त्यांची रामायणं अष्टोत्तरशत म्हणून ओळखली जातात. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारावं लागणारं एकही अक्षर येऊ द्यायचं नाही, असा नियम त्यांनी स्वतःलाच घालून घेतला. कथा आयती, पात्रं आयती. नियम तेवढा स्वतःचा. वि. स. खांडेकरांनी 1959 साली 'ययाति' लिहिली. राजा महाभारतातला, शाप महाभारतातला. पण कचाला त्यांनी कथेत परत आणलं आणि भोगाच्या समोर संयम उभा केला. त्याच कादंबरीसाठी 1974 चा ज्ञानपीठ मिळाला. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर वृषाली आणि शोण हेही स्वतःच्या तोंडानं आपली बाजू सांगतात. व्यासांनी त्यांना असा आवाज दिला नव्हता. एका वाचकाला तो आवाज ऐकावासा वाटला, आणि तो लिहायला बसला. बैठकीतल्या त्या मुलीनं याहून वेगळं काय केलं?

हे झाले पुस्तकी दाखले. तमाशातली गवळण घ्या. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींबरोबर जी मावशी असते, ती भागवतात सापडत नाही. फडावरच्या कलावंतांना वाटलं, या कथेत आपल्या गावातलं एक खट माणूस हवं. त्यांनी ते आणून उभं केलं. नाशिकचे लोक शूर्पणखेचं नाक पंचवटीत कापलं गेलं असं सांगतात. आपल्या शेजारच्या इगतपुरी तालुक्यात, टाकेदला, जटायू पडला असं सांगतात. रामकथा इथल्या माणसांनी आपल्या ओढ्याकाठी आणून वसवली. मग एका मुलीनं परदेशी शाळेत सिन्नरचं दप्तर नेलं, तर बिघडलं कुठं?

आणि सगळ्यांत मोठा दाखला जात्यावरचा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या वाचाव्यात. दळणाऱ्या बाईनं सीतेला आपली लेक, आपली बहीण केलं आहे. मूळ कथेनं जिथं सीतेला एकटं सोडलं, तिथं ही बाई तिच्यासोबत बसते. हिला कुणी लेखक म्हटलं नाही, हिच्या नावावर पुस्तक नाही. तरी कथेतली उणीव पाहून तिनं ती आपल्या शब्दांनी भरून काढली. दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिण्याला 'फॅन फिक्शन' म्हणतात, ते नाव नवं आहे. काम आपल्या आज्यांच्या ओळखीचं आहे.

हा वाद मला नवा नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या बैठकीत ठराव आला होता, की रहस्यकथा आणि भयकथा विकत घेऊ नयेत, त्यानं वाचकांची अभिरुची बिघडते. मी विरोधात बोललो आणि एकटा पडलो. पण कपाटात पुठ्ठे सुटलेली, पानं दुमडलेली पुस्तकं त्याच प्रकारची होती. अभिरुचीची काळजी वाहणाऱ्यांच्या आवडीच्या ग्रंथांवर धूळ होती. तेव्हाही मुद्दा हाच होता: आनंदानं वाचलं जातं ते हलकं, असं धरून चालायचं. अजूनही तेच चाललं आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. दुसऱ्याचं लेखन उचलून स्वतःच्या नावावर खपवणं ही चोरीच आहे. हयात लेखकाच्या पात्रांवर पुस्तक काढून विकायचं असेल, तर परवानगी घ्यायलाच हवी. पण ही मुलं मूळ लेखकाचं नाव पहिल्याच पानावर लिहितात. लपवाछपवी नसेल तिथं चोरी कसली?

मग करायचं काय? रविवारी माझ्या ओसरीवर मुलं जमतात, आम्ही खलबतं करतो. आवडत्या गोष्टीत तुम्हाला कुणावर अन्याय झालासा वाटला, हा पहिला प्रश्न. तिथूनच नवं कथानक निघतं. पात्र ठरवताना त्याची ताकद नंतर, आधी त्याला कशाची लाज वाटते ते विचारायचं. आणि नवं जग रचताना जादू कुणाला परवडते, तिची किंमत कोण मोजतं, हे ठरल्याशिवाय पुढं जायचं नाही.

साहित्य आपल्या पायाखाली आहे. सिन्नर हीच यादवांची जुनी राजधानी सेऊणपूर, असं काही अभ्यासक मानतात. राजधानी पुढं देवगिरीला गेली. राजधानी निघून गेल्यावर मागं राहिलेल्या गावाला काय वाटलं असेल, यावर एक अख्खी कादंबरी होईल. इथल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत स्फटिक सापडतात. माळेगावच्या गारगोटी संग्रहालयात ते मांडून ठेवलेले आहेत. नकाशा काढणाऱ्या त्या मुलाचं राज्य याच स्फटिकांनी उजळतं. विहीर खणताना त्याच्या नायकाला तिथं जायची वाट सापडते.

बैठकीनंतर दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला आणि वही उघडली. त्या राज्यातलं पाणी कुणाच्या मालकीचं, यावर मुलांची तासभर भांडणं झाली. राजाचं म्हणावं तर बंड होतं, सगळ्यांचं म्हणावं तर विहीर खणणाऱ्याचा हक्क कुठं जातो, असं एकीनं विचारलं. निकाल लागला नाही, नकाशावर ती जागा कोरी आहे. वास्तवापासून पळ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या कोऱ्या जागेकडे बघावं. पूर्व भागातल्या टँकरचा प्रश्न मुलांनी तिथंच मांडून ठेवला आहे.